दादांचे दोनरंगी बूट

मुलगा दुकानात येऊन गिऱ्हाइकांच्या बाकावर बसला, तेव्हाच मला शंका आली. एरवी तो गल्ल्यामागच्या माझ्या खुर्चीत बसतो, तेही मी पुरता उठायच्या आत. त्यानं मोबाइल माझ्या नाकासमोर धरला.

‘‘पप्पा, लग्नात मी हे घालणार. टू-टोन. आत्ता सगळे ग्रूम्स हेच घालतायत.’’

फोटोत एक दाढीवाला नवरदेव होता आणि त्याच्या पायात पांढरे-तपकिरी बूट. नाक तपकिरी, टाच तपकिरी, मधला भाग पांढरा, आणि जिथं दोन रंगांची कातडी एकमेकांना भेटतात तिथं बारीक भोकांची नक्षी. पस्तीस वर्षं पुण्यात बिबवेवाडीला चपला-बुटांचं दुकान चालवणाऱ्या माणसाला सहसा कुठला बूट पाहून धक्का बसत नाही. टाचेत दिवे लागणारे, चालताना शिट्टी वाजवणारे, सगळे विकून झालेत. हा पाहून मात्र बसला.

‘‘हे बँडवाले घालतात,’’ मी म्हणालो.

‘‘घालायचे. आता ते व्हिंटेज आहे.’’

व्हिंटेज म्हणजे काय, तर जी वस्तू आम्ही लाजेनं माळ्यावर टाकली, ती आमच्या पोरांनी हौसेनं पुन्हा विकत घ्यायची. मला यात तक्रारीला जागा नाही, कारण माझं घर त्याच्यावरच चालतं.

या बुटाची कुळकथा मला धंद्यामुळे थोडीफार माहीत आहे. विलायतेत म्हणे क्रिकेट खेळणाऱ्यांचे बूट पांढरे असत आणि मैदानातला चिखल नेमका नाकाला आणि टाचेला लागे. कुणा हुशार कारागिराला सुचलं की रोज पुसत बसण्यापेक्षा तेवढा भाग आधीच चिखलाच्या रंगाचा करावा. खरं-खोटं त्यालाच माहीत. पुढे तो बूट खेळणाऱ्यांच्या पायांतून बघणाऱ्यांच्या पायांत गेला. तिथल्या सभ्य लोकांनी नाकं मुरडली, असले बूट घालणारा माणूस बायकांच्या बाबतीत भरवशाचा नाही असं ठरवून टाकलं, आणि अर्थातच त्यानंतर तो जास्त खपू लागला. आपल्याकडे तो साहेबाबरोबर आला. लष्कर भागात घोड्यांच्या शर्यतींना जाणारे, क्लबात पत्ते कुटणारे, अशांच्या पायांत तो असे. साहेब गेला, बूट राहिला. मग सिनेमातल्या नायकानं तो घातला, नायकाला कंटाळा आल्यावर खलनायकानं उचलला, आणि खलनायकही साधे कपडे घालायला लागल्यावर उरले फक्त बँडवाले.

मी दुकान टाकलं तेव्हा एका घाऊक व्यापाऱ्यानं असले काही जोड माझ्या गळ्यात मारले होते. नवीन दुकानदार ओळखायला त्या लोकांना फार वेळ लागत नाही. दोन वर्षं कुणी त्यांना हात लावला नाही. शेवटी स्वारगेटकडच्या एका बँडपथकाचे मास्तर आले आणि सगळे एकगठ्ठा घेऊन गेले. जाताना मलाच म्हणाले, ‘‘आमच्याशिवाय यांना विचारतंय कोण?’’ खरंच कुणी विचारत नव्हतं.

पण मला धक्का बसला तो बँडवाल्यांमुळे नाही. हेच बूट दादांच्या पायांत होते. दादा म्हणजे माझे वडील.

आमचं शेत इथंच होतं. इथंच म्हणजे माझ्या दुकानाच्या फरशीखाली आणि वरच्या चार मजल्यांखाली. बिबवेवाडी तेव्हा गाव होतं. दादा वांगी, मेथी, कोथिंबीर पिकवत आणि आई पाट्या घेऊन मंडईला जाई. पुढे आजूबाजूची रानं एकेक करून विकली गेली आणि मी नववीत असताना आमचंही गेलं. बदल्यात या इमारतीत दोन फ्लॅट मिळाले आणि खाली रस्त्याला लागून हा गाळा. त्याच सुमारास दादांच्या पायांत ते बूट आले. त्याआधी त्यांच्या पायांत काहीच नसे. फारच झालं तर लग्नकार्यापुरत्या चपला. जमीन गेली आणि बूट आले, तेव्हा पंधरा वर्षांच्या पोराला या दोन गोष्टी एकमेकींना जोडायला कितीसा वेळ लागणार? भावकीनं तर जोडून तयारच ठेवल्या होत्या. ‘‘रान विकून पायात घातलं,’’ असं आमच्या दारातून जाताना ऐकू येईल एवढ्या आवाजात बोललं जाई.

आणि दादांना लपवालपवी ठाऊक नव्हती. धोतर, पैरण, टोपी आणि खाली ते शर्यतीच्या साहेबाचे बूट, असे ते रोज बाहेर पडत. रोज सकाळी गॅलरीत बसून ते पुसत. पांढऱ्या भागाला ओल्या फडक्यानं खडूची पूड, तपकिरी भागाला पॉलिश. एका रंगाचं बोट दुसऱ्याला लागलं की सगळं पुन्हा करायचं. असल्या बुटांची निगा हेच मोठं झंझट आहे आणि माझ्या मते ते मागे पडले त्याचंही खरं कारण हेच. लोकांना सकाळचा एवढा वेळ बुटाला द्यायचा नसतो. दादांना आता सकाळी दुसरं कामच नव्हतं.

फिरून आले की इमारतीच्या फाटकाशी ते थांबत, बूट काढून हातात घेत आणि पार्किंगमधून अनवाणी चालत जिन्यापर्यंत येत. उन्हाळ्यात ती फरशी तव्यासारखी तापे. वॉचमन तोंड फिरवून हसे. एकदा माझे कॉलेजचे मित्र बरोबर असताना त्यांनी हे केलं आणि मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. रात्री जेवताना मी विचारलं, ‘‘दादा, बूट कशाला काढता तिथं?’’

‘‘तिथं आपलं खळं होतं,’’ ते म्हणाले.

खळं म्हणजे ज्वारी-बाजरी मळायची जागा. सारवलेल्या खळ्यावर आमच्याकडे कुणी पायताण घालून जात नाही. पाहुणा असला, सरकारी माणूस असला तरी बाहेर काढून येतो. हे मलाही ठाऊक होतं. पण तिथं आता स्कूटर लागत होत्या.

‘‘विकताना नाही आठवलं ते खळं?’’ मी म्हणालो.

त्यांनी ताटातली भाकरी संपवली आणि हात धुवायला उठले. त्यानंतर मी तो विषय काढला नाही आणि त्यांनीही कधी काढला नाही. स्पष्टच लिहितो, मला त्यांचा राग होता आणि तो ते गेले तेव्हाही पूर्ण गेला नव्हता. हौशी माणूस, चैनीपायी घराचं मूळ उपटलं, असं मी मनात पक्कं केलं होतं. त्यांच्या दहाव्याच्या आत आईनं ते बूट कुणाला तरी देऊन टाकले. तेव्हा मला वाटलं, चला, तिलाही राग होताच की.

तर त्या संध्याकाळी मुलानं तोच फोटो आजीला दाखवला. आईचं वय आता ऐंशीला आलंय. तिनं मोबाइल लांब धरला, मग जवळ घेतला आणि त्याच्या हातात परत दिला.

‘‘हे घालून तू बोहल्यावर उभा राहणार आसशील, तर मी लग्नाला येत न्हाय.’’

त्याला वाटलं आजी मस्करी करतेय. आई मस्करी करत नाही. तो हसला, तशी ती उठून आपल्या खोलीत गेली.

आता हे प्रकरण किती गंभीर होतं ते सांगतो. हा तिचा एकुलता एक नातू. माझी बायको नोकरीला आणि मी दुकानात, म्हणून त्याला न्हाऊ-माखू घालण्यापासून शाळेत सोडण्यापर्यंत सगळं आईनं केलं. डॉक्टरांनी गुडघ्याचं ऑपरेशन सुचवून चार वर्षं झाली होती आणि ती नाही म्हणत होती. याचं लग्न ठरल्यावर ती आपण होऊन म्हणाली, ‘‘चला, करून टाका, मला अक्षता उभं राहून टाकायच्यात.’’ तीन महिने कण्हत-कुथत तिनं व्यायाम केले. आणि आता लग्न तीन आठवड्यांवर आलेलं असताना ती बुटापायी घरी बसणार होती.

‘‘शूजवरून कुणी लग्न बॉयकॉट करतं का?’’ मुलगा म्हणाला. त्याला पुण्यातली लग्नं फारशी माहीत नाहीत. पत्रिकेत नाव कितव्या ओळीत आहे यावरून तीन पिढ्या बोलणं बंद असलेली घरं मला ठाऊक आहेत. मी त्याला समजावलं, बायकोनं समजावलं, पण तो हटून बसला. बुटाशी आजीचं काय वैर आहे ते तिनं सांगावं, मग विचार करतो, एवढंच म्हणत राहिला. आणि आई ते सांगत नव्हती. हा हट्ट त्यानं कुणाकडून उचललाय हे घरात सगळ्यांना दिसत होतं, फक्त बोलायची सोय नव्हती.

मला वाटत होतं, कारण मला माहीत आहे. म्हणून एका रविवारी दुपारी दुकान बंद करून वर गेलो, आई मेथी निवडत बसली होती, तिच्यासमोर बसलो आणि मीही जुडी हातात घेतली.

‘‘आई, मला कळतंय तुला ते बूट का नकोत. दादांनी तेव्हा जे केलं ते काही बरोबर नव्हतं. पण त्याचा राग पोरावर...’’

‘‘काय केलं त्यांनी?’’

‘‘म्हणजे, जमीन विकून असल्या बुटांची चैन...’’

तिनं हातातली काडी खाली ठेवली.

‘‘बूट त्यांनी न्हाय घेतले. मी आणले. आन् जमीनबी मीच विकायला लावली.’’

मग तिनं सांगितलं. मधे मधे मेथी निवडत, मधे थांबत. सौदा ठरला होता, कागद तयार होते, पण दादा सही करायला दोनदा कचेरीत गेले आणि दोनदा तसेच परत आले. बांधावरून उठून चिखलाच्या पायांनी जायचे. कचेरीतला माणूस ओरडायचा, फरशी घाण करू नका, बाहेर बसा. की हे माघारी. घरी येऊन सांगायचे, आत घेतलं नाही.

‘‘पहिल्या वक्ताला मला खरं वाटलं,’’ आई म्हणाली. ‘‘दुसऱ्या वक्ताला कळलं. वाटंवर हौद होता, पाय धुवायला काय लागतंय? मुद्दाम धूत नव्हते. पायाला रानाची माती असली की त्यांच्याच्यानं सही होत नव्हती.’’

‘‘पण तुला का विकायची होती?’’

तिनं माझ्याकडे पाहिलं. ‘‘तू नववीत होतास. शाळेतली पोरं तुला शेण्या म्हणायची. रोज रडत यायचास. म्हणालास, मला ह्यातलं कायबी करायचं न्हाय, मी मेलो तरी शेत करणार न्हाय. तू येकटाच. मग ठेवायचं कुणासाठी?’’

मला ते आठवलं. खरं सांगायचं तर मी ते कधी विसरलो नव्हतो. फक्त हिशेबात कुठं धरलं नव्हतं.

दादा एका दुपारी बाभळीखाली झोपले असताना आईनं सुतळी घेतली. टाचेपासून अंगठ्यापर्यंत धरली आणि गाठ मारली. ती सुतळी भाजीच्या पाटीत घालून मंडईला नेली आणि भाजी विकून झाल्यावर जवळच्याच एका जुन्या कारागिराकडे गेली. तो वयस्कर मुसलमान गृहस्थ होता, पिढ्यान् पिढ्या साहेबलोकांचे बूट शिवणाऱ्या घरातला. तो म्हणाला, ‘‘ताई, माणसाला घेऊन या. सुतळीवर बूट होत नाही.’’ आई म्हणाली, माणूस आला असता तर बूट कशाला लागले असते? काचेच्या कपाटात एक पांढरा-तपकिरी जोड होता. शर्यतीच्या नादाच्या कुणा बड्या माणसानं करायला टाकलेला आणि कधीच न नेलेला. आईला तोच आवडला. असले बूट घातलेल्या माणसाला कुठला कारकून बाहेर बसवणार? तिनं सुतळी आत सोडून पाहिली. गाठ बरोब्बर टाचेला लागली.

‘‘तो म्हणालाबी मला,’’ आई म्हणाली. ‘‘ताई, पाय नुसता लांब नसतो. पर मला कुठं कळतंय. मापात बसले म्हणून मी घेऊन आले.’’

दादांनी बूट पाहिले, तिच्याकडे पाहिलं, पाय धुतले, बूट घातले, गेले आणि सही करून आले. संध्याकाळी पाय धुताना तिला दिसलं, दोन्ही करंगळ्यांची सालटी निघाली होती.

हे ऐकताना माझ्या हातातली मेथी खाली पडली. मला पुढचं सांगायची गरज नव्हती. चाळीस वर्षं अनवाणी चिखलात रोवलेला पाय पुढून पसरतो, पाची बोटं सुटी होतात. साहेबाच्या अरुंद बुटात तो जाईल, पण राहणार नाही. त्यातून हा बूट. एका कातड्याचा बूट दोन महिन्यांत पायाप्रमाणे सैलावतो. हा तुकडे जोडून शिवलेला, आणि शिवण नेमकी पाय जिथं सर्वांत रुंद असतो तिथं येते. तो वर्षानुवर्षं तसूभर सैल होत नाही. हे मी गिऱ्हाइकांना शेकडो वेळा सांगितलंय. तो बूट माझ्या बापानं वीस वर्षांहून जास्त वापरला आणि मी एकदाही त्यांचे पाय पाहिले नाहीत. लोकांचे पाय बघणं हा ज्याचा धंदा, त्यानं स्वतःच्या बापाचे पाहिले नाहीत.

‘‘मग ते घालायचे कशाला?’’ मी विचारलं.

‘‘मी शंभरदा म्हटलं, टाका ते, दुसरे आणू. तर एवढंच म्हणायचे, तू आणलेत.’’ ती थांबली. ‘‘मायेनं म्हणत होते का टोचून, मला आजून कळलं न्हाय. वीस वरसं रोज सकाळी माझ्याम्होरं पुसत बसायचे. एक शबुद कधी वाकडा बोलले न्हाईत. बोलले आसते तर बरं झालं आसतं.’’

फाटकाशी ते बूट काढत, ते खळ्यासाठी की पाय सोलून निघाले म्हणून, हे मी तिला विचारलं नाही. तिलाही ते माहीत नसणार. दोन्ही खरं असेल. मी आयुष्यभर ज्या माणसाला चैनी समजलो, त्याला मी भरल्या ताटावर खळ्याचा हिशेब विचारला होता, आणि तो खळं माझ्यासाठी गेलं असं न सांगता उठला होता. मला रडू फुटलं. साठी गाठलेला माणूस मेथीच्या ढिगासमोर बसून रडत होता आणि आईनं त्याला गप्प केलं नाही.

दारात मुलगा उभा होता. केव्हापासून ते कळलं नाही, पण त्याच्या चेहऱ्यावरून बरंच ऐकलेलं दिसत होतं. तो आत येऊन आजीच्या पायाशी बसला.

‘‘आजी, सॉरी. मी ते घालत नाही. कॅन्सल. दुसरं काहीतरी बघू.’’

आईनं डोळ्यांना पदर लावला. मग म्हणाली, ‘‘न्हाय, घाल की. दिसतात चांगले. त्यांनाबी लई शोभायचे.’’

‘‘आणि तू येणार?’’

‘‘येते.’’ मग ती माझ्याकडे वळली. ‘‘पर फोनवरनं मागवायचे न्हाईत. करून घ्यायचे. आन् माप तू घ्यायचं, आत्ता, माझ्याम्होरं.’’

मी जुन्या कॅलेंडरची दोन पानं काढून फरशीवर पालथी पसरली. मुलगा त्यांवर अनवाणी उभा राहिला. दुकानात मी रोज अनोळखी माणसांच्या पायाशी बसतो, त्याचं मला कधी काही वाटलं नाही. इथं मात्र मी आधी पेन्सिलीला नीट टोक काढून घेतलं. टाचेपासून सुरुवात करून एकेका बोटाला वळसा घालत मी दोन्ही पावलं काढली. मग टेप घेऊन चवड्याभोवती गुंडाळला आणि आकडा लिहिला. आई नव्या गुडघ्यावर जोर देत खुर्चीतून पुढे वाकली होती.

‘‘रुंदी घेतलीस?’’

‘‘घेतली.’’

‘‘परत घे,’’ ती म्हणाली.

मी परत घेतली.